दुपारचं जेवण चुकवू नकोस

सांगली, श्रावण

चि. मनूस,



काल रात्री ताईचा, तुझ्या आईचा, फोन आला होता. सुरुवातीला तू तिकडे किती खूश आहेस ते सांगत होती, मग हळूच आवाज बदलला. म्हणाली, पोरगी धड जेवत नाही गं. सकाळी नुसती कॉफी, दुपारी पिशवीतला चिवडा आणि बिस्किटं. संध्याकाळी सहा-सातला कडकडून भूक लागली की जेवायची जागा शोधत फिरते, आणि कुठे काही मिळालं नाही म्हणून खोलीवर येऊन नूडल्स उकळते. शाकाहारी माणसाचं मेक्सिकोत काही खरं नाही, असं तू तिला सांगितलंस म्हणे. ताई तिकडे कधी गेलेली नाही, तिने लगेच विश्वास ठेवला. मी मात्र पुएब्लात संसार केला आहे, तुझ्यासारखाच अंडं खाऊन पण मांस-मासे न खाता. म्हणून हे पत्र. फोनवर तू 'हो मावशी, हो मावशी' म्हणशील आणि ठेवून देशील. लिहिलेलं असलं की पुन्हा काढून वाचता येतं.

मनू, तू जेवायला निघतेस त्या वेळाच चुकताहेत. तिकडे दिवसाचं खरं जेवण दुपारी, साधारण दोन ते चार या वेळात. त्याला कोमीदा म्हणतात. सकाळी उठल्यावर कॉफी आणि गोड पाव, कामावर लवकर जाणारे अकराच्या सुमाराला अंडी-बीन्स असं काहीतरी पोटभर खातात, आणि मग दुपारची ही मोठी पंगत. रात्रीचं खाणं हलकं, पुष्कळ घरांत पुन्हा गोड पाव आणि चॉकलेट किंवा गरम दूध. तू आपल्या सवयीने बाराला एखाद्या खाणावळीत डोकावतेस तेव्हा आत भांडी चढलेली असतात, झालेलं काही नसतं. सहाला जातेस तेव्हा तिथल्या बायका ओटा धुऊन घरी गेलेल्या असतात. मधल्या दोन तासांत सगळं शहर जेवतं आणि तू तेव्हा खोलीत चिवडा खात असतेस. शिवाय तू राहतेस ते मेक्सिको सिटी 2,240 मीटर उंचीवर आहे. तिथे रात्री उशिरा भरपेट जेवलं की पोट जड होतं आणि झोप लागत नाही. तेव्हा बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, दुपारचं जेवण चुकवू नकोस.

आणि ते जेवायला चकचकीत रेस्टॉरंट शोधू नकोस. फोंदा शोध. फोंदा म्हणजे बायकांनी चालवलेली छोटी खाणावळ. टेबलावर फुलाफुलांचं मेणकापड, दाराशी फळ्यावर खडूने लिहिलेला दिवसाचा बेत. बाजाराच्या इमारतीत तर अशा खाणावळींची रांगच असते. तिथे ठरलेल्या पैशांत कोमीदा कोरीदा मिळते, म्हणजे एकामागून एक येणारं पूर्ण जेवण. आधी सूप. मग नुसता भात किंवा शेवया, तेही वेगळ्या बशीत, भाजीबरोबर कालवायला नव्हे तर आपलं आपण खायला. मग मुख्य पदार्थ, त्याच्यासोबत बीन्स आणि गरम तोर्तिया. शेवटी चमचाभर गोड. जेवणाबरोबर त्या दिवसाचं 'आग्वा', म्हणजे फळाचं किंवा फुलाचं गोडसर पाणी. हामायका नावाचं लालभडक पाणी मिळालं तर नक्की घे, ते आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं असतं. चिंचेचंही करतात. चिंच तिकडची नाही, आशियातून गेलेली आहे, पण आता त्यांच्या हाडीमाशी खिळली आहे. आमच्या घराजवळच्या फोंदात मी एकटी जायचे तेव्हा मालकीणबाई मला कधी कोपऱ्यात बसू द्यायच्या नाहीत. शाळेतल्या दोन शिक्षिका रोज जेवायला यायच्या, त्यांच्या टेबलावर नेऊन बसवायच्या. माझं स्पॅनिश त्या टेबलावर झालं.

आत शिरताना 'बुएनास तार्देस' म्हणायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. न बोलता आत जाऊन बसणं तिकडे उद्धटपणाचं वाटतं. कुणी जेवत असेल आणि तू त्यांच्या टेबलावरून जात असशील तर 'प्रोवेचो' म्हण, अनोळखी असले तरी. जेवून उठताना शेजारच्यांनाही म्हण. एवढ्या एका शब्दावर माणसं हसून बघतात. आणि बिल कुणी आणून देत नाही म्हणून घुसमटू नकोस. पाहुणा उठायच्या आधी बिल पुढे ठेवणं म्हणजे त्याला जा म्हणण्यासारखं, म्हणून वेटर थांबतो. 'ला क्वेन्ता, पोर फावोर' असं तू सांगायचं. रेस्टॉरंटात दहा ते पंधरा टक्के टिप ठेवायची रीत आहे, फोंदात हातातली चिल्लर ठेवलीस तरी त्यांना आनंद होतो.

आता तुझ्या खऱ्या अडचणीकडे येते. 'मी मांस खात नाही' एवढं सांगून तिकडे भागत नाही. 'कार्ने' म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर गाईचं किंवा डुकराचं मांस येतं. कोंबडी त्यात धरत नाहीत, हॅमचे तुकडे तर नाहीतच. म्हणून पूर्ण वाक्य पाठ कर: 'नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी हामोन.' मांस नाही, कोंबडी नाही, मासा नाही, हॅम नाही. ते हसत हसत, मान जराशी झुकवून सांग. दुसरा प्रश्न चरबीचा. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी, आणि ती परतलेल्या बीन्समध्ये, तामालेसच्या पिठात, कधी गव्हाच्या तोर्तियातही असते. तिसरा प्रश्न रश्शाचा: तांबूस भात आणि बहुतेक सूपं कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. 'कोन काल्दो दे पोयो?' असं विचारलं की त्या खरं सांगतात. मला कुणी कधी खोटं सांगितलं नाही. उलट आतून पातेलं आणून दाखवलेलं आठवतं.

हे वाचून घाबरू नकोस, कारण मिळणाऱ्या गोष्टीही पुष्कळ आहेत. परतलेल्याऐवजी 'फ्रिहोलेस दे ला ओया' माग. हे मडक्यात नुसत्या पाण्यात, कांदा आणि एपासोतेचा पाला घालून शिजवलेले बीन्स, त्यात बहुधा चरबी नसते. चीज भरलेली मोठी मिरची अंड्यात बुडवून तळतात, ती टोमॅटोच्या पातळ रश्श्यात येते. बटाट्याची किंवा फ्लॉवरची तोर्तिता, कोवळ्या दुधीसारख्या भोपळ्याची मक्याचे दाणे घालून केलेली भाजी, हिरव्या साल्सातली अंडी. फड्या निवडुंगाची कोवळी पानं काटे काढून भाजतात, तो नोपाल. पहिल्यांदा जरा बुळबुळीत लागेल, दुसऱ्यांदा आवडेल. घोळीची भाजी बाजारात जुड्या बांधून असते, आपली तीच घोळ. पण ती बरेचदा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात, तेव्हा विचारून घे. आणि तू पावसाळ्यात गेली आहेस, हे तुझं नशीब. या दिवसांत भोपळ्याची फुलं, रानातल्या अळंब्या आणि उइत्लाकोचे भरपूर येतात. उइत्लाकोचे म्हणजे मक्याच्या कणसावर चढणारी काळी-राखाडी बुरशी. ऐकून नाक मुरडू नकोस. कांदा-मिरचीवर परतून तोर्तियात घातली की मातीचा आणि मक्याचा असा एक वास येतो की मला अजून पहिल्या पावसात तिची आठवण होते. फक्त राजधानीत केसादिया मागताना 'कोन केसो' म्हणायचं. तिथे न सांगता त्यात चीज घालत नाहीत.

तू राहतेस तिथे सकाळी पदपथावर टोपली आणि शेगडी घेऊन बसणाऱ्या बायका दिसत असतील. त्यांच्याकडे त्लाकोयो असतो. निळ्या मक्याच्या पिठाचा लांबट उंडा, आत बीन्सचं किंवा सुक्या वालासारख्या आवाचं सारण, वर नोपाल, कांदा, चीज, साल्सा. चरबी घातली आहे का तेवढं विचार आणि तव्यावरचा गरम गरम घे.

या मक्याबद्दल जरा सांगू दे, कारण ते कळलं की तिथलं जेवण कळतं. मका ते नुसता दळत नाहीत. खायच्या चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच मुरू देतात, सकाळी चोळून साल काढतात, धुतात आणि ओला वाटतात. याला निश्तमाल म्हणतात, आणि ही युक्ती हजारो वर्षांची आहे. चुन्यामुळे पीठ चिकटून राहतं, कॅल्शियम मिळतं आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व, नायसिन, शरीराला घेता येतं. युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही, म्हणून जिथे गरीब माणूस केवळ मक्यावर जगला, त्या इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत पेलाग्रा नावाचा रोग पसरला. तेव्हा तोर्तियाला कमी लेखू नकोस. टेबलावर ती कापडात गुंडाळून टोपलीत येते. एक काढून घ्यायची आणि कापड पुन्हा झाकायचं, उघडं टाकलेलं त्यांना आवडत नाही. ती टाकतही नाहीत. कालच्या तोर्तियाचे तुकडे तळून साल्सात बुडवले की चिलाकिलेस होतात, आपल्या फोडणीच्या पोळीसारखी ती सकाळची सोय.

मक्यावरून आठवलं. मेक्सिको सिटीजवळ तेश्कोकोपाशी चापिंगोचं शेतकी विद्यापीठ आहे. तिथे वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे 1924 पासून शिकवत होते. गदर चळवळीतले क्रांतिकारक, ब्रिटिशांमुळे मायदेशी परतता येईना, म्हणून त्या देशात राहिले आणि मक्याच्या सुधारित वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं आहे. स्वातंत्र्यानंतर ते परत आले आणि 1967 साली नागपुरात गेले. चापिंगोच्या जुन्या प्रार्थनामंदिरातली रिवेराची भित्तिचित्रं तू वास्तुकलेची विद्यार्थिनी म्हणून बघायला जाशीलच. त्या दिवशी दुपारी तिथेच बाजारात जेव. आपल्याकडचा एक माणूस या लोकांच्या रोजच्या अन्नासाठी राबला, हे मनात ठेवून जेव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या कार्यशाळेतल्या बाईंनी तुला रविवारी घरी जेवायला बोलावलं आहे आणि तू 'बघते' म्हणालीस, असं ताईकडून कळलं. मनू, जा. रविवारची कोमीदा म्हणजे आजी-आजोबा, लेकी-सुना, नातवंडं सगळी एका टेबलाभोवती. परक्या मुलीला त्यात बोलावतात तेव्हा मनापासून बोलावतात. दोन दिवस आधी त्यांना आपलं ते वाक्य कळव, म्हणजे ऐनवेळी त्यांची धांदल होणार नाही. जाताना फुलं ने किंवा चांगल्या बेकरीतून गोड काही. बेकरीत हातात ताट आणि चिमटा घेऊन आपणच पाव निवडायचे असतात. दोनला बोलावलं असेल तर अडीचला पोच, बरोबर दोनला गेलीस तर त्या अजून स्वयंपाकघरात असतील. घरात शिरल्यावर एकूण एक माणसाला भेटायचं, बायका गालाला गाल लावतात, तसं. निघतानाही प्रत्येकाचा निरोप घ्यायचा, दारातून हात हलवून निसटायचं नाही. वाढलेलं चाखून तरी बघ, आणि नको असेल तर आधी कौतुक कर, मग नको म्हण. आणि जेवण झालं की उठू नकोस! ताटं उचलली जातील, कॉफी येईल आणि मग खऱ्या गप्पा सुरू होतील. त्याला सोब्रेमेसा म्हणतात. दोन तास चालते, कधी दिवेलागणीपर्यंत. त्यात कुणाचं लग्न, कुणाचं दुखणं, कुणाच्या घराची दुरुस्ती, सगळं येतं. तुला अर्धं कळणार नाही. तरी बस. पुढच्या वेळी पाऊण कळेल.

ताईने तुझ्या बॅगेत राजगिऱ्याच्या वड्या घातल्या आहेत ना, त्या उघडल्या नसशील तर बाईंकडे ने. त्यांच्या आजीला दाखव. तिकडे हुबेहूब तशाच वड्या मिळतात, अलेग्रिया म्हणतात. सोचिमिल्कोजवळच्या तुल्येहुआल्को गावात त्या मोठ्या प्रमाणावर करतात. राजगिरा मूळचा तिकडचाच. स्पॅनिश येण्यापूर्वी त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करत आणि प्रसाद म्हणून वाटून खात. म्हणूनच स्पॅनिशांचा त्याच्यावर राग होता. ताई इथे श्रावणी सोमवारी जो राजगिरा खाते तो तिथून निघालेला आहे, हे तू त्या आजीला सांगितलंस तर ती तुला सोडायची नाही.

आमच्या पुएब्लाच्या शेजारणीची एक आठवण सांगते. 6 जानेवारीला तीन राजांच्या सणाचा मोठा वाटोळा गोड पाव कापतात, रोस्का. त्यात बाळ येशूच्या छोट्या बाहुल्या लपवलेल्या असतात. ज्याच्या तुकड्यात बाहुली निघेल त्याने 2 फेब्रुवारीला सगळ्यांना तामालेस खाऊ घालायचे. माझ्या तुकड्यात निघाली. मला तामालेस करता येत नव्हते आणि चरबी तर हातात धरवत नव्हती. शेजारीण आदल्या दिवशी सकाळीच पीठ घेऊन आली, चरबीऐवजी लोणी आणि तेल घालून दोघींनी ते फेसलं, कणसाच्या पानांत गुंडाळून रचलं. तिच्या सासूबाई खुर्चीवर बसून आम्हाला सूचना देत होत्या. त्या दिवसानंतर त्या घरात माझ्यासाठी बिनचरबीचं पातेलं वेगळं असायचं. तू सांगितलंस तर माणसं तुझ्यासाठी करतात गं. तू खोलीत बसलीस तर त्यांना कळणार कसं?

पुढच्या आठवड्यात तू पुएब्लाला जाणार आहेस. ऑगस्ट म्हणजे चिलेस एन नोगादाचा हंगाम. हिरव्या पोब्लानो मिरचीत फळांचं आणि मांसाचं सारण, वर ताज्या अक्रोडाची पांढरी सॉस, डाळिंबाचे दाणे आणि पार्सलीची हिरवी पानं. मेक्सिकोच्या झेंड्याचेच तीन रंग. 1821 साली स्वातंत्र्याच्या वेळी सेनानी आगुस्तिन दे इतुर्बिदे पुएब्लात आला तेव्हा मठातल्या नन्सनी त्याच्यासाठी हा पदार्थ केला, अशी गोष्ट तिथे घरोघर सांगतात. ओल्या अक्रोडाचं पातळ साल एकेक करून सोलावं लागतं, शेजारणीकडे आम्ही सगळ्या बायका त्याला बसायचो आणि बोटं काळी व्हायची. नुसत्या फळांचं सारण घालून करणारी ठिकाणं आता पुष्कळ आहेत, दुपारी जाऊन विचार. मोले पोब्लानोचं मात्र तुला स्पष्ट सांगते: सुक्या मिरच्या, तीळ, बदाम, मनुका, दालचिनी, लवंग, थोडं चॉकलेट, हे सगळं ऐकून शाकाहारी वाटतं, पण ते बहुतेक ठिकाणी कोंबडीच्या किंवा टर्कीच्या रश्श्यात सैल करतात. खायचं की नाही ते तू ठरव. न विचारता खाऊन मागाहून वाईट वाटून घेऊ नकोस, एवढंच.

पुढे वाहाकाला गेलीस की तुझे दिवस सुखाचे जातील. सात मोलेंचा प्रांत म्हणतात त्याला, पण मला तिथली सकाळ जास्त आवडते. बाजारात मोठ्या वाडग्यात पाण्यात घुसळलेलं गरम चॉकलेट आणि त्यात बुडवायला अंड्याचा पिवळसर पाव. दुधातलंही मिळतं, पण पाण्यातलं घे, कोकोची चव त्यात कळते. त्लायुदा म्हणजे ताटाएवढी कडक तोर्तिया, वर बीन्स आणि केसियो नावाचं दोऱ्यांसारखं सुटणारं चीज. तिला आधी आसिएन्तो, म्हणजे चरबीची खालची खरवड, फासतात. म्हणून 'सिन आसिएन्तो' म्हण. रविवारी त्लाकोलूलाचा आठवडी बाजार बघ. मोठ्या मातीच्या परातीत फेस आणलेलं तेहाते मिळेल, मका आणि कोकोचं थंड पेय, लाकडी नाहीतर भोपळ्याच्या वाटीत देतात. टोपल्यांत तांबूस ढीग दिसतील ते मसाला लावलेले नाकतोडे, चापुलिनेस. लोक आवडीने खातात, तू त्यांच्यासमोर ईऽऽ करू नकोस. आणि संत्र्याच्या फोडीवर तिखट-मीठ भुरभुरून दिलं तर आधी विचार, त्या मिठात वाळवलेली अळी कुटलेली असते.

मेरिदालाही जाशील, तिथे ऊन फार. तिथलं जेवण मायांचं, राजधानीपेक्षा अगदी वेगळं. प्रसिद्ध कोचिनिता पिबिल डुकराचं, जमिनीत पुरून शिजवलेलं, ते तुझ्या उपयोगाचं नाही. तुला पापाद्सुलेस: उकडलेली अंडी भरलेल्या तोर्तिया, वर भोपळ्याच्या बियांची हिरवी सॉस. चाया नावाचा पाला अंड्यात घालतात, तोही छान. सोमवारी तिथे घरोघर बीन्स डुकराबरोबर शिजतात, त्या दिवशी बीन्सच्या वाटेला जाऊ नकोस. आणि हाबानेरो मिरची! तू आजीच्या ठेच्यावर वाढलेली आहेस हे मला ठाऊक आहे, तरी चमच्याच्या टोकावर घेऊन आधी बघ. लाल म्हणजे तिखट, हिरवी म्हणजे सौम्य असं तिकडच्या साल्साचं काही नसतं. उत्तरेकडे, मॉन्तेर्रे-सोनोराला, तू जाणार नाहीस ते बरंच. तिथे गव्हाच्या तोर्तिया सुरेख, पण बाकी सगळा मांसाचा कारभार.

रात्री तुझी मित्रमंडळी टाको खायला जातात आणि तू खोलीवर राहतेस, हेही ताईने सांगितलं. जात जा बरोबर. उभ्याने खायचं, हाताने, जरा पुढे वाकून. काटा-चमचा मागायचा नाही. ताटलीवर प्लॅस्टिकची पिशवी चढवून देतात, गिऱ्हाईक बदललं की ती बदलतात. पैसे शेवटी. गाडीवाला विचारतो किती झाले, आणि आपण खरा आकडा सांगायचा, तो मोजत बसत नाही. अळंबीचा किंवा बटाट्याचा टाको कुठे कुठे मिळतो, पण तवा तोच असतो. नको वाटलं तर नुसतं आग्वा घेऊन उभी राहा. दुपारी नीट जेवली असशील तर रात्री तेवढं पुरतं.

पाण्याचं ताई रोज बजावतेच, मीही सांगते. नळाचं पिऊ नकोस, दातसुद्धा बाटलीच्या पाण्याने घास. भोक असलेला नळीसारखा बर्फ कारखान्यातला असतो, तो चालतो. जिथे गर्दी आहे आणि समोर गरम तव्यावरून उतरतंय तिथे खा. दुपारी दोनला भरलेल्या फोंदातलं अन्न त्याच दिवशीचं असतं, हेही एक कारण आहे मी त्याच वेळी जेव म्हणते त्याला. पोट बिघडलंच तर औषधाच्या दुकानात सुएरो मिळतं, म्हणजे मीठ-साखरेचं तयार पाणी. बऱ्याच दुकानांशेजारी डॉक्टरही बसतात. दोन दिवस अंगावर काढू नकोस.

इकडे सगळं ठीक. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी चढलं होतं, आम्ही खालचं सामान माळ्यावर टाकलं होतं, आता उतरलं. आजीचा गुडघा पावसामुळे दुखतो, पण नागपंचमीची दिंडं तिनेच केली, कुणाला हात लावू दिला नाही. काका तुझे फोटो शेजाऱ्यांना दाखवत फिरतात. पुएब्लातल्या आमच्या गल्लीचा पत्ता त्यांनी तुला वेगळा पाठवला आहे. तो फोंदा अजून असेल तर आत जाऊन बघ, नसेल तर त्याच गल्लीत दुसरा असेलच.

रविवारी बाईंकडे जाऊन आलीस की सोमवारी सकाळी आठला ताईला फोन कर, तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, ती देवापाशी दिवा लावून मोकळी झालेली असते. काय काय जेवलीस ते तिला एकेक करून सांग, तिला तेच ऐकायचं आहे. आणि मला लिहून कळव, बाईंकडच्या आजीने राजगिऱ्याच्या वडीवर काय म्हटलं ते.

तुझी,
मावशी